गाठ केवढी होती यावरून आजार परत येणार का ते कळतं का?

मागच्या अंकात कॅन्सरसाठी प्रोस्टेट (पुरुषांमधे मूत्राशयाखाली असते ती ग्रंथी) काढल्यानंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट कसा वाचायचा यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आली आणि निम्म्याहून जास्त जणांचा प्रश्न फिरून फिरून एकाच आकड्यावर, गाठीच्या साइझवर. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच्या आजूबाजूचेच घेतलेत. आधीच सांगते, मी ऑपरेशन करणारी डॉक्टर नाही, काढलेली ग्रंथी ज्यांच्या टेबलावर येते त्यांच्यातली आहे, त्यामुळे तो आकडा कसा जन्माला येतो हे मला रोजचंच. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ह्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, वय ६४. रिपोर्टमधे ट्यूमर २.४ सेंमी लिहिलाय. माझ्या बहिणीच्या मिस्टरांचं पण हेच ऑपरेशन झालेलं, त्यांची गाठ १.१ सेंमीच होती तरी दोन वर्षांत पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) परत वाढला आणि रेडिएशन घ्यावं लागलं. मग ह्यांची तर दुपटीहून मोठी, म्हणजे आमचं काही खरं नाही असंच धरून चालू का? ह्यांच्यासमोर बोलत नाही पण रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. बाकी रिपोर्टमधे ग्लीसन (कॅन्सरच्या पेशींची प्रत) ३+४, पीटी२ (स्टेज), मार्जिन (काढलेल्या भागाची कड) निगेटिव्ह, सेमिनल व्हेसिकल मोकळ्या. ऑपरेशनआधीचा पीएसए ७.८ होता, नंतरचा ०.०१ च्या खाली.

उत्तर : ताई, तुम्ही जे "बाकी रिपोर्टमधे" म्हणून शेवटी एका दमात उरकून टाकलंय ना, तोच खरा रिपोर्ट आहे. आणि तो चांगला आहे.

साइझची भीती कुठून येते ते समजू शकते. बाकी बऱ्याच कॅन्सरमधे गाठ किती सेंटिमीटरची यावरच स्टेज ठरते, ब्रेस्टमधे २ सेंमी आणि ५ सेंमी या सरळ रेघा आहेत, फुप्फुसातही तसंच. प्रोस्टेटमधे तसं नाहीये. इथे स्टेज विचारते की गाठ ग्रंथीच्या आतच आहे की बाहेर पडलीये. आत असेल तर पीटी२, मग ती ८ मिलिमीटरची असो की ३ सेंटिमीटरची. आसपासच्या चरबीत शिरली तर पीटी३ए, सेमिनल व्हेसिकलमधे, म्हणजे मागे चिकटलेल्या वीर्याच्या पिशव्यांमधे गेली तर पीटी३बी. पूर्वी पीटी२ चे पण ए, बी, सी असे तुकडे होते, एका बाजूच्या निम्म्याहून कमी, निम्म्याहून जास्त, दोन्ही बाजूंना वगैरे, पण पुढे काय होणार हे त्यावरून नीट सांगता येईना म्हणून स्टेज ठरवायच्या नियमांच्या, २०१८ पासून वापरात असलेल्या आठव्या आवृत्तीत ऑपरेशननंतरच्या स्टेजमधून ते काढूनच टाकले. म्हणजे बघा, ग्रंथीचा किती भाग गाठीने व्यापलाय हे एकदा स्टेजमधे घेऊन झालं आणि उपयोग होत नाही म्हणून बाहेरही काढून झालं.

मग साइझला काहीच अर्थ नाही का, तर तसंही नाही. मोठ्या गाठी असलेल्या लोकांमधे आजार परत येण्याचं प्रमाण जास्त दिसतं हे खरंच आहे, ढीगभर अभ्यासांत दिसलंय. पण मोठ्या गाठींमधे ग्लीसन पण जास्त असतो, त्या ग्रंथीच्या कडेपर्यंत पण जास्त वेळा पोचतात, मार्जिनला पण जास्त वेळा लागतात, पीएसए पण जास्त असतो. मग नेमका दोष कोणाचा? शाळेत बघा, ज्या मुलांच्या चपलेचा नंबर मोठा त्यांना पाढे जास्त येतात, म्हणून कोणी पाय ओढून मोठे करत नाही, मुलं वयाने मोठी आहेत एवढंच. तसं जेव्हा ग्लीसन, स्टेज, मार्जिन आणि पीएसए हे सगळं आधी हिशोबात धरतात आणि मग विचारतात की आता साइझने अजून काही नवीन कळतंय का, तेव्हा काही अभ्यास म्हणतात हो थोडंसं, आणि बरेच म्हणतात नाही. २००९ साली जगभरचे युरो-पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्ग आणि प्रोस्टेटचे नमुने तपासणारे, यावर एकत्र बसले होते, त्यात गाठ साधारण केवढी आहे हे रिपोर्टमधे कुठल्यातरी प्रकारे लिहावं असं ठरलं, पण कसं मोजायचं याची एकच पद्धत काही ठरली नाही.

तुमच्या मेहुण्यांच्या १.१ सेंमीबद्दल बोलायचं तर त्यांचा ग्लीसन किती होता, मार्जिनचं काय, पिशव्या मोकळ्या होत्या का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, बहुतेक माहितीही नसेल, कारण घरात आठवणीत राहतो तो सेंटिमीटरचा आकडा, तो कल्पना करायला सोपा पडतो ना. दोघांची तुलना करायचीच असेल तर त्या गोष्टींची करा.

आणखी एक, गाठ कुठे होती तेही रिपोर्टमधे बघा. प्रोस्टेटमधे मूत्रमार्गाच्या भोवतीचा भाग असतो, ट्रान्झिशन झोन म्हणतात, तिथल्या गाठी कधीकधी चांगल्या मोठ्या होतात पण त्या मानाने शांत असतात, ग्रंथीच्या आतच राहतात. मागचा बाहेरचा जो भाग, पेरिफेरल झोन, जिथे बहुतेक कॅन्सर होतात, तिथली छोटी गाठ पण पटकन कडेला पोचते कारण तिला जायला अंतरच कमी. म्हणजे २.४ नुसतं २.४ नसतं, कुठले २.४ ते पण विचारावं लागतं.

झोपा आता. म्हणजे खरंच झोपा, पुढचा पीएसए वेळेवर करा एवढंच काम तुमच्याकडे आहे.

प्रश्न : बाबांची ग्रंथी काढली. पहिल्या लॅबने रिपोर्टमधे "ट्यूमर ग्रंथीच्या २० टक्के" लिहिलं. आम्ही स्लाइड दुसरीकडे दाखवल्या तर तिथे "१.६ सेंमी". ऑपरेशनच्या आधी एमआरआयमधे १.२ सेंमी होती. तीन ठिकाणी तीन आकडे, म्हणजे कोणीतरी चुकलंय हे उघड आहे. कोणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर : कोणी चुकलंय असं अजिबात उघड नाहीये, तिघंही बरोबर असू शकतात. कसं ते सांगते, हे माझ्या रोजच्या कामातलंच आहे.

ग्रंथी माझ्याकडे फॉर्मलिनच्या डब्यात येते. आधी तिला बाहेरून शाई लावतो, उजवीकडे एक रंग डावीकडे दुसरा, नंतर मायक्रोस्कोपखाली कॅन्सरच्या पेशी त्या शाईला टेकल्या की मार्जिन पॉझिटिव्ह म्हणायचं, शाईसाठी एवढा आटापिटा त्याच्यासाठी. मग ब्रेड कापतात तसे तीन-चार मिलिमीटर जाडीचे काप. त्यातून स्लाइड बनतात. मायक्रोस्कोपखाली मी कॅन्सर जिथे सुरू होतो तिथे काचेवर मार्कर पेनने एक ठिपका ठेवते, जिथे संपतो तिथे दुसरा, सगळीकडून असे ठिपके दिले की स्लाइड हातात घ्यायची, उजेडाकडे धरायची आणि ठिपक्यांवर साधी प्लास्टिकची पट्टी ठेवून वाचायचं. १६ मिलिमीटर. झालं, हा तुमचा १.६ सेंमी. इतकं साधं आहे ते. आणि "२० टक्के" म्हणजे सगळ्या स्लाइड समोर मांडून एकूण किती जागा ठिपक्यांच्या आत आहे याचा नजरेने काढलेला अंदाज, मी काढला तर २० येईल, शेजारच्या टेबलावरचे सर १५ म्हणतील, आम्ही भांडणार नाही.

त्यातून गाठ म्हणजे काही लिंबासारखी गोल नसते हो. प्रोस्टेटमधला कॅन्सर टीपकागदावर सांडलेल्या शाईसारखा असतो, इकडे एक फाटा तिकडे एक फाटा, मधे चांगल्या पेशी. बऱ्याच लोकांमधे तर एक नाही तीन-चार वेगवेगळ्या गाठी असतात, त्यातली जी सगळ्यात मोठी किंवा सगळ्यात वाईट ग्रेडची असेल तिला मुख्य धरतात, आणि कधीकधी मोठी एक आणि वाईट दुसरी असा घोळ पण होतो. कापांच्या मधल्या अंतरात काय होतं ते आडाखा बांधूनच. फॉर्मलिनमधे मांस आकसतं ते वेगळंच.

आणि एमआरआयबद्दल, तिथे दिसणारी गाठ खऱ्या गाठीपेक्षा सहसा लहान दिसते, विरळ पसरलेला भाग चित्रात उठून दिसत नाही. त्यामुळे एमआरआयमधे १.२ आणि काचेवर १.६ ही तफावत अगदी नेहमीची आहे, गाठ मधल्या काळात वाढली वगैरे काही नाही.

एक हिशोब मात्र डोक्यात असू द्या. व्यास दुप्पट झाला की आकारमान आठपट होतं. १ सेंमी व्यासाचा गोळा साधारण अर्धा मिलीलिटर भरतो, २ सेंमीचा चार मिलीलिटरच्या वर. म्हणून पट्टीवर दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की मिलीलिटरमधे केवढा फरक पडतो बघा, आणि असल्या डळमळीत मापावर कोणाचं भविष्य सांगायचं म्हणजे अवघडच. हा अर्धा मिलीलिटर लक्षात ठेवण्यासारखा आहे कारण त्याच्या खालची, ग्रंथीच्या आतली आणि ग्लीसन ३+३ असलेली गाठ ही जवळजवळ निरुपद्रवी धरायची अशी जुनी मोजपट्टी आहे. तिथे साइझचा खरा उपयोग होतो, पण बघा तिथेही ती एकटी नाहीये, ग्लीसन सोबत आहेच.

प्रश्न : माझ्या रिपोर्टवर ७२ ग्रॅम लिहिलंय. एवढी मोठी गाठ म्हणजे परत येण्याचा धोका किती?

उत्तर : काका, ते अख्ख्या ग्रंथीचं वजन आहे, गाठीचं नाही. वयानुसार प्रोस्टेट फुगते, त्यात साधी वाढच जास्त असते. गाठीची साइझ त्याच कागदावर खाली कुठेतरी मिलिमीटरमधे किंवा टक्क्यांत असेल. उलट मोठ्या ग्रंथीत सापडलेले कॅन्सर त्या मानाने सौम्य असतात असंच जास्त वेळा दिसलंय.

प्रश्न : वडिलांची गाठ फक्त ६ मिमी होती. आम्ही खूश होतो की लवकर सापडली, पण ग्लीसन ४+५ आहे म्हणून डॉक्टर दर तीन महिन्यांनी पीएसए करायला सांगतायत. एवढ्याशा गाठीसाठी हे जरा जास्तच होतंय असं नाही वाटत का?

उत्तर : नाही वाटत. खोटं सांगून बरं वाटवण्यात अर्थ नाही म्हणून स्पष्टच लिहिते.

ग्लीसन म्हणजे पेशी मायक्रोस्कोपखाली कशा दिसतात त्याची प्रत. डॉनल्ड ग्लीसन नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९६६ साली ही पद्धत आणली, थोडेफार बदल होऊन आजही तीच चालते. ३ नंबरचा नमुना म्हणजे ग्रंथींची छोटी छोटी वर्तुळं सुटी सुटी दिसतात, मधे मोकळी जागा असते. ४ मधे ती एकमेकांत मिसळतात, चाळणीसारखी भोकं दिसतात. ५ मधे वर्तुळच राहत नाही, पेशी एकेकट्या किंवा रांगेने मिळेल तिकडे घुसलेल्या. सगळ्यात जास्त दिसणारा नमुना आधी लिहितात, त्याच्यानंतरचा मागून. तर ४+५ म्हणजे पाचातला पाचवा ग्रेड ग्रुप. ६ मिलिमीटरमधे ५ नंबरच्या पेशी आहेत म्हणजे त्यांना लांब जायला मोठी गाठ व्हायची वाट बघावी लागत नाही. लहान असताना काढली हे चांगलंच झालं, त्यात वाद नाही, ग्रंथीच्या आत असेल आणि मार्जिन मोकळी असेल तर अजूनच चांगलं, पण तीन महिन्यांची तपासणी बरोबर सांगितलीये. ती चुकवू नका.

याच्या उलट, ३+३ ची दोन सेंटिमीटरची गाठ काढलेल्या माणसाची मला त्याच्या निम्म्यानेही काळजी वाटत नाही.

प्रश्न : इंटरनेटवर आजार परत येण्याचा धोका काढायचे कॅलक्युलेटर आहेत, त्यात मी माझे सगळे आकडे टाकले पण ट्यूमर साइझ टाकायला रकानाच नाही. हे कॅलक्युलेटर जुने आहेत का?

उत्तर : जुने नाहीत, मुद्दामच ठेवलेला नाही. तुमचं निरीक्षण आवडलं मला, माझ्या दोन पानी उत्तरापेक्षा हा एक नसलेला रकाना जास्त सांगून जातो.

उदाहरणार्थ काप्रा-एस नावाचा स्कोअर आहे, २०११ मधे आला, कागदावर पेनने पण करता येतो. ऑपरेशनआधीचा पीएसए ६ पर्यंत शून्य, ६ ते १० ला एक, १० ते २० ला दोन, २० च्या वर तीन. ग्लीसन ३+३ ला शून्य, ३+४ ला एक, ४+३ ला दोन, ८ ते १० ला तीन. मार्जिन पॉझिटिव्ह असेल तर दोन, सेमिनल व्हेसिकलमधे गेला असेल तर दोन, ग्रंथीबाहेर आला असेल तर एक, लिम्फ नोडमधे, म्हणजे आसपासच्या लसिका ग्रंथींमधे सापडला तर एक. एकूण बारा. दोनपर्यंत कमी धोका, तीन ते पाच मधला, सहा आणि वर जास्त. वरच्या ताईंच्या मिस्टरांचे याच हिशोबाने दोन होतात बघा, पीएसएचा एक आणि ग्लीसनचा एक, त्या २.४ सेंमीला कोणी विचारलंच नाही.

३+४ आणि ४+३ ची बेरीज सारखीच सात, तरी गुण वेगळे, हे लक्षात आलं का? म्हणून "ग्लीसन सात" एवढंच कोणी सांगितलं की पुढचं विचारायचं. ३+४ मधे पण ४ नंबरचा भाग किती टक्के तेही हल्ली रिपोर्टमधे लिहितात, ५ टक्के आणि ४० टक्के यात बराच फरक आहे. मला विचाराल तर सेंटिमीटरपेक्षा हा टक्का पाठ करा.

तुम्हाला कॅलक्युलेटरने समजा पाच वर्षांत परत न येण्याची शक्यता ७८ टक्के सांगितली, तर त्याचा अर्थ तुमचे आकडे असलेले शंभर जण घेतले तर त्यातल्या साधारण ७८ जणांचा पीएसए पाच वर्षांत वाढणार नाही. तुम्ही त्या ७८ मधले की उरलेल्या २२ मधले हे कॅलक्युलेटरला कळत नाही, मलाही कळत नाही. आणि हा आकडा ऑपरेशनच्या दिवसाचा आहे. तीन वर्षं पीएसए शून्याच्या आसपास राहिला की तुम्ही आता त्या शंभरांच्या रांगेत नाही, पुढे आलात, पुढची शक्यता त्याच्यापेक्षा चांगली असते. जुना आकडा फ्रेम करून ठेवू नका.

प्रश्न : गाठ २ सेंमी, पीटी३ए, एका ठिकाणी १ मिमी मार्जिन पॉझिटिव्ह, ग्लीसन ३+४. पीएसए ०.०२ च्या खाली. सर्जन म्हणतात थांबू, मुलगी म्हणते गाठ मोठी होती तर लगेच रेडिएशन घेऊन टाका. कोणाचं ऐकू?

उत्तर : घरच्या भांडणात पडायची हौस नाही पण यावेळी सर्जनच्या बाजूने.

मार्जिन पॉझिटिव्ह म्हणजे आत नक्की काही उरलंय असं नसतं, अशा कितीतरी लोकांना आयुष्यभर काही होत नाही. १ मिलिमीटर ही छोटी लांबी आहे, साधारण ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल, किंवा मार्जिनवरच्या पेशी ४-५ नंबरच्या असतील तर जास्त विचार करतात. रिपोर्टमधे मार्जिनवरचा ग्लीसन लिहिलाय का बघा, नसेल तर विचारून घ्या.

लगेच द्यावं की पीएसए वाढायला लागल्यावर द्यावं, यावर रॅडिकल्स-आरटी नावाची मोठी चाचणी झाली, २०२० मधे छापून आली, १३९६ पुरुष होते. निम्म्यांना ऑपरेशननंतर लगेच रेडिएशन, निम्म्यांवर नुसतं लक्ष ठेवून पीएसए ०.१ झाला किंवा लागोपाठ तीनदा वाढला तरच. पाच वर्षांनी पीएसए काबूत असलेले पहिल्या गटात ८५ टक्के, दुसऱ्यात ८८. म्हणजे घाई करून फायदा काहीच नाही, उलट लगेच घेतलेल्यांना लघवीचा त्रास जास्त. आणि थांबलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांवर त्या पाच वर्षांत रेडिएशनची वेळच आली नाही. मुलीला हे वाचायला द्या. फक्त थांबणं म्हणजे विसरणं नाही, पीएसए ठरल्या तारखेला झालाच पाहिजे, आणि जर पिशव्यांमधे किंवा लिम्फ नोडमधे आजार असता आणि ग्लीसन ८ किंवा जास्त असता तर माझं उत्तर एवढं ठाम नसतं.

प्रश्न : ऑपरेशनला चार वर्षं झाली. गाठ १.४ सेंमीच होती, मार्जिन क्लिअर, ग्लीसन ४+३. पीएसए आधी ०.०१ च्या खाली होता, मागच्या वर्षी ०.०३, आता ०.०५. लहान गाठ असून पण परत आला का? किती दिवस आहेत हे पण सांगा.

उत्तर : दादा, शेवटचं वाक्य आधी खोडून टाका.

प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर रक्तातला पीएसए दर दोन-तीन दिवसांनी निम्मा होत जातो, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी तपासला तर सापडूच नये. नंतर तो ०.२ किंवा वर गेला आणि दुसऱ्यांदा तपासल्यावरही तेवढा किंवा जास्तच आला, तर आजार परत आला असं रूढ व्याख्येप्रमाणे म्हणतात. तुम्ही ०.०५ वर आहात. इतक्या खालच्या पातळीवर मशीन बदललं, लॅब बदलली तरी आकडा हलतो, त्यामुळे आधी हे बघा की तिन्ही वेळा लॅब एकच होती का. नसेल तर यापुढे एकच ठेवा.

एकच असेल तर मग वेग बघायचा, दुप्पट व्हायला किती महिने लागतात. तीन महिन्यांत दुप्पट होणारा पीएसए आणि दीड वर्षात होणारा हे दोन वेगळे आजार समजा. वर्षाहून जास्त लागत असेल आणि ग्लीसन आठच्या खाली असेल तर युरोपातली गाइडलाइन त्याला कमी धोक्यातच धरते. तुमचं वर्षभरात ०.०३ चं ०.०५ झालंय, दुप्पटसुद्धा नाही. दोन आकड्यांवरून वेग काढणं कच्चं काम आहे म्हणून तीन-चार महिन्यांनी तिसरा घ्या. वाढतच राहिला तर रेडिएशनवाल्या डॉक्टरांना लवकर भेटा, पीएसए ०.५ च्या पुढे जायची वाट बघू नका, जितक्या खालच्या आकड्यावर देतात तितका त्याचा उपयोग जास्त. पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते दाखवणारा) करायचा का ते तेच सांगतील, आत्ता ०.०५ वर केला तर बहुधा काहीच दिसणार नाही आणि काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त पण होता येणार नाही.

किती दिवस हे विचारलंत म्हणून एक जुना अभ्यास सांगते. जॉन्स हॉपकिन्समधे ऑपरेशन झालेले १९९७ पुरुष (हे साल नाही, माणसांची संख्या आहे), त्यातल्या साधारण १५ टक्के लोकांचा पीएसए नंतर वाढला, आणि वाढल्यापासून हाडात वगैरे आजार दिसेपर्यंत मधे सरासरी आठ वर्षं गेली, तीही मधल्या काळात हार्मोनचं औषध न देता. हे १९९९ मधे छापून आलंय, औषधं त्यानंतर खूप पुढे गेलीत. तुमच्याकडे तर अजून ०.२ सुद्धा झालेला नाही.

आणि ती १.४ सेंमी, तिने तुम्हाला फसवलं असं वाटून घेऊ नका, तिने काही कबूल केलंच नव्हतं. ४+३ होता म्हणूनच तुमचे डॉक्टर चार वर्षांनंतरही तपासण्या चालू ठेवतायत. पुढचा रिपोर्ट आला की तारखांसकट सगळे पीएसए एका कागदावर लिहून न्या, फाइलमधून एकेक शोधत बसण्यात भेटीचा निम्मा वेळ जातो.